बोर्ड मोकळो

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७

आलो बुवा एकदाचा माहुलला! ट्रंक, वळकटी, प्रायमसचा स्टो आणि मी, असे चौघे सुखरूप पोचलो. कुर्ल्याहून बस, पुढे टांगा, आणि खाडीच्या अलीकडे टांगेवाल्याने हात टेकल्यावर पायी. वाटेत तेलाच्या कारखान्यांच्या अजस्र टाक्या आणि त्यांच्या पायाशी कोळ्यांनी वाळत घातलेले बोंबील. एका श्वासात रॉकेल, दुसऱ्या श्वासात बोंबील. मला दोन्ही वास आवडले. मालाडला बाळदादाच्या दोन खोल्यांत वर्षभर बिनकामाचा धाकटा भाऊ म्हणून राहिलेल्या माणसाला काहीही आवडतं.

इथे कोळसा धुतात. क्षमावहिनीला हे सांगितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. कोळसा उगाळावा तितका काळाच, आणि तुम्ही तो धुणार होय भावोजी? हस म्हटलं. साबणाच्या कारखान्यातून काढलं तेव्हाही हसलीच होती.

पण थट्टा नाही. खाणीतून रेल्वेच्या वाघिणी भरून माल येतो त्यात कोळशाबरोबर दगडही भरपूर असतो. तो तसाच वीजघराच्या बॉयलरमध्ये घातला तर राखेचे गोळे होऊन जाळ्या बुजतात, वाफ पडते आणि अर्ध्या मुंबईचे दिवे मिणमिणतात. म्हणून इथे माल आधी पट्ट्यावर पडतो. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बायका बसून दगड वेचतात. उरलेला माल पाण्याच्या टाक्यांतून हलवून काढतात, म्हणजे कोळसा वर येतो आणि दगड तळाला बसतो. धुतलेला कोळसा जातो बंकरमध्ये, म्हणजे तीन मजली उंच लोखंडी कोठीत. बंकरच्या तळाला दरवाजा आहे. तो उघडला की माल खालच्या पट्ट्यावरून थेट वीजघरात.

माझं काम सगळ्यात शेवटचं. धुतलेल्या कोळशाचा नमुना मुशीत, म्हणजे चिनीमातीच्या छोट्या वाटीत, घालून भट्टीत जाळायचा आणि उरलेली राख तोलायची. शंभरात अठराच्या वर राख गेली की माल नापास. म्हणजे या कारखान्याचा चित्रगुप्त मीच! तीन महिने उमेदवारी, मग कायम, आणि कायम झालं की दोन खोल्यांचं क्वार्टर. तोवर प्रयोगशाळेमागची खोली.

वसुधा मुलुंडला माहेरी आहे, फेब्रुवारीत बाळंत होईल. जाताना तिने स्वच्छ सांगितलंय, मूल घेऊन मी त्या मोरीशेजारच्या कोपऱ्यात परत येणार नाही. काय चुकलं तिचं? ही खिशात मावणारी वही तिनेच दिली. म्हणाली, मनातलं हिच्यात लिहा, मला रोज कार्ड टाकू नका, पोस्टमन हसतो. तर वसुधाबाई, फेब्रुवारीपर्यंत दोन खोल्या. शब्द दिला.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

इथे एक रिवाज आहे. बंकरच्या दरवाजाशेजारी भिंतीवर एक काळी फळी आहे, तिला चाळीस खिळे. बाई कामावर आली की आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवते आणि दोन वाजता पाळी सुटली की काढून नेते. धोंडू मुकादम मालवणकडचा, पन्नाशीचा, तंबाखूने दात किटलेला. तो फळीसमोर उभा राहतो, एकेक खिळा बोटाने चाचपतो आणि मग गळ्याच्या शिरा ताणून ओरडतो, "बोर्ड मोकळो!" हे कानावर आल्याशिवाय बंकरचा दरवाजा उघडायचा नाही. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस अजून आत आहे, आणि बंकरमध्ये माणूस असताना दरवाजा उघडला तर कोळसा त्याला दळणातल्या दाण्यासारखा खाली ओढून नेतो. वाचवायला सवडही मिळत नाही म्हणे.

झकास पद्धत! ना कागद ना शाई, आणि अडाणी माणसालाही कळते.

आज मात्र एकोणिसाव्या खिळ्यावर बिल्ला होता आणि तरी धोंडूने आरोळी ठोकली. मी बोट दाखवलं. म्हणाला, तो जुना, गंजून बसलाय, निघत नाही. पितळ गंजत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो थुंकायला निघून गेला.

पेपरात रशियाने आकाशात सोडलेल्या कुत्रीचा फोटो आलाय. पट्ट्यावरच्या बायकांना दाखवला. त्यांनी विचारलं, ती परत कशी येणार? म्हटलं, कसली येतेय! सगळ्या मान खाली घालून दगड वेचायला लागल्या. भलत्याच हळव्या आहेत.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नमुन्याचं घमेलं रोज शेवंती आणून देते. पट्ट्यावरचीच बाई, तिशीची, काटक, तोंडाने कमी. तिची एक खोड पाहिली. पाळी सुटली की ती एक दगड बंकरच्या पायाशी नेऊन ठेवते. रोज एकच. ऐंशी-नव्वद दगडांची रास झालीय. सहज विचारलं, हे काय? म्हणाली, बहिणीच्या वाटणीचा.

मग आज सगळं सांगितलं. बहीण सुलक्षणा, बिल्ला नंबर एकोणीस. बारा ऑगस्टला दोघी बरोबर कामावर आल्या, दोन वाजता शेवंती एकटीच घरी गेली. कारखान्याचं म्हणणं, सुलक्षणा त्या दिवशी आलीच नव्हती, कुणा लॉरीवाल्याबरोबर पळून गेली असेल. तिच्या नवऱ्याने, दशरथने, ते खरं मानलं आणि दोन महिन्यांत दुसरी बाई आणली. आठ वर्षांची मुलगी शेवंतीकडे आहे. चाळीतली पोरं तिला पळपुटीची पोर म्हणतात. वीजघराची राख देवनारला नेऊन टाकतात, तिथे शेवंती दर रविवारी चाळण घेऊन जाते. निदान जोडवी तरी सापडतील म्हणून.

तिला दुसरं काही नको, बहीण त्या दिवशी कामावर आली होती एवढा कागद हवा. तिने माझ्यासमोर हात जोडले. "ती त्या दिसा कामाक इल्ली, इतक्याच लिवून दिया."

मी म्हटलं, बाई, मी आलो नोव्हेंबरात, मला काय ठाऊक? ती बरं म्हणून गेली. जेवण गेलं नाही नीट. पण खरंच, मला काय ठाऊक!

दुपारी बंकरमधून टक… टक… असा आवाज येत होता. बायका दगड घमेल्यात टाकतात तसा. भरलेला कोळसा बसताना होत असणार.

सोमवार, २ डिसेंबर

राख चढतेय. सतरा होती, मग अठरा, आज एकोणीस. नवल त्याचं नाही. राख तोलायची रीत अशी की एकदा तापवा, थंड करा, तोला. पुन्हा तापवा, थंड करा, तोला. दोन्ही वजनं सारखी आली की संपलं. जळायचं ते जळून गेलेलं असतं, म्हणून दुसरं वजन फार तर केसभर कमी भरतं. आज ते जास्त भरलं. तिसऱ्यांदा आणखी जास्त. तराजू तपासला, मूस बदलली. तेच. भट्टीत काही ठेवलं आणि ते वाढलं, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शिवाय राख करडी हवी, ही चुन्यासारखी पांढरी.

श्यामकांतराव सुपरिंटेंडेंटकडे गेलो. मोठा गोड माणूस. खुर्ची दिली, सिगारेट पुढे केली. म्हणाले, आधीचा केमिस्ट नंदकिशोर, त्याचेही आकडे असेच चढले, मग तो बिथरला आणि घाटकोपरला घरी जाऊन बसला. तुमची बायको केव्हा बाळंत होणार? फेब्रुवारी? वा. मग आकडा म्हणजे काय हो विद्याधर, आपण लिहू तो!

मी सतरा पूर्णांक सहा लिहिलं. अक्षर छान आलं.

बुधवार, ११ डिसेंबर

मला राहवेना. पांढऱ्या राखेत आम्ल घातलं, मग फॉस्फरस ओळखायचं द्रावण. फॉस्फरस असेल तर पिवळा साका बसतो. कोळशात तो असून नसल्यासारखा असतो, नळी जेमतेम फिकट व्हावी. आज नळी बुडापासून अर्ध्यापर्यंत हळदीसारखी पिवळी. पुन्हा केलं. पुन्हा पिवळी.

इतका फॉस्फरस देणारी राख मला एकच ठाऊक आहे. हाडांची.

देवनारच्या उकिरड्यावरून घारी हाडं उचलतात, त्या वर बसून बंकरमध्ये टाकत असतील. त्याच असणार. दिवसभर मान वर करून आभाळ पाहत बसलो. एक घार दिसली नाही.

रविवार, १५ डिसेंबर

घाटकोपरला नंदकिशोरचं घर शोधून काढलं. त्याच्या बायकोने, शुभाताईंनी, दार उघडलं. म्हणाल्या, बसा, बोलतील ते, पण हात थांबणार नाहीत. तो खिडकीशी ताट घेऊन तांदूळ निवडत बसला होता. खडा सापडला की शेजारच्या वाटीत टाकायचा. टक. तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते. मग तो वाटीतले खडे पुन्हा तांदळात मिसळायचा आणि नव्याने निवडायला घ्यायचा. शुभाताई आत जाऊन मोरीत रडल्या, ते बाहेर ऐकू येत होतं.

त्याने सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. खरा नमुना बंकरच्या माथ्यावरचा. पुरुष वर चढला तर कोळशात पाय रुततो, म्हणून तो वजनाने हलक्या बाईला पाठवायचा. नियमात बसत नाही, पण सगळेच करतात. बारा ऑगस्टला त्याने सुलक्षणाला पाठवलं. पाच मिनिटांचं काम, जा गं. ती वर असतानाच पाळी सुटली आणि वीजघरातून फोन आला, कोळसा संपलाय, आत्ताच्या आत्ता सोडा. श्यामकांतराव धावत खाली आले. फळीवर तिचा एकच बिल्ला उरला होता. धोंडूने पाहिला, श्यामकांतरावांनी पाहिला, यानेही पाहिला. जो तो म्हणाला, उतरली असेल, बिल्ला विसरली असेल. धोंडूने आरोळी दिली आणि दरवाजा उघडला.

मग तिघांनी मिळून ठरवलं की ती आलीच नव्हती.

तो म्हणाला, नमुन्याच्या वहीतलं त्या दिवसाचं पान मात्र मी फाडलं नाही, तेवढं एक पाप केलं नाही. मग त्याने विचारलं, राख कितीवर आलीय? मी बावीस म्हटलं. तो पहिल्यांदाच हसला. बावीसला मी सोडलं, म्हणाला. पुढे काय होतं ते मला कळवा.

मंगळवार, १७ डिसेंबर

पान सापडलं. जुन्या वहीत, नंदकिशोरच्या अक्षरात. "१२ ऑगस्ट. बंकर, माथा. वेळ १.४०. नमुना आणणार बिल्ला १९."

एवढंच. एवढंच तर शेवंतीला हवंय. ती दीड वाजता घमेलं न्यायला आली तेव्हा वही माझ्या हाताखाली होती. दोन बोटांनी उघडून दाखवायची होती. मी म्हटलं, उद्या ये.

आधी श्यामकांतरावांना दाखवावं. वरिष्ठांना विचारून करावं, रीत आहे. नाही तर उगाच माझ्यावर यायचं. कोणाला फसवतोस रे विद्याधर? तुला क्वार्टर हवंय.

गुरुवार, १९ डिसेंबर

त्यांनी पान वाचलं. रागावले नाहीत. खण उघडून माझी कायमची ऑर्डर काढली, टाइप केलेली, फक्त सही राहिलेली. उमेदवारीचे दीड महिने माफ. तिच्यावर किल्ली ठेवली, दोन खोल्यांची. म्हणाले, त्या बाईचं म्हणाल तर गेलेली परत येत नाही, पण येणाऱ्याला घर लागतं. सही केली आणि माझ्याकडे पाहत बसले.

मग सहज म्हणाले, त्या फळीचं काहीतरी करायला हवं. एकोणीस नंबर काढला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. कोण चावटपणा करतंय कोण जाणे. असल्या फळीवर विसंबायचं कशाला? सर्क्युलर काढू. एक जानेवारीपासून फळी बंद, बंकरचा दरवाजा दोनच्या ठोक्याला घड्याळावर उघडेल. मसुदा मी केला. माझं इंग्रजी चांगलं आहे.

पान मुशीत घालून भट्टीत ठेवलं. कागदाची राख ती काय, फुंकर मारली की उडते. मूस चिमट्याने बाहेर काढली तर मनगट खाली गेलं. दोन्ही हातांनी धरावी लागली. आत भरून पांढरं.

शेवंतीला सांगितलं, जुनी वही पाहिली, काही नाही. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "बरा," म्हणाली, आणि आपला दगड ठेवून गेली. लाज वाटली. किल्ली खिशात होती, ती घट्ट धरून ठेवली.

रविवार, २९ डिसेंबर

वसुधा क्वार्टर पाहायला आली. आठवा महिना, तरी ऐकेना. तिचा भाऊ माणिक टॅक्सीने घेऊन आला. दोन्ही खोल्यांतून तिने दहा वेळा फेऱ्या मारल्या, पाळण्याची जागा ठरवली, मोरीत नळ सोडून पाणी नुसतंच वाहू दिलं. तिला एवढी हसताना मी लग्नातही पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, जे केलं ते यासाठी केलं. झालं की मग!

जेवणं झाल्यावर ती खिडकीत उभी राहिली. म्हणाली, अहो, आज रविवार ना? मग त्या बाईला कशाला कामाला बसवलंय? मी म्हटलं, कुठली बाई? ती म्हणाली, ती काय, त्या उंच कोठीच्या माथ्यावर, हिरव्या बांगड्या, मांडीवर घमेलं. मी हात केला तर तिनेही केला. लाघवी आहे हो. मनगटावर बोट ठेवून विचारत होती, किती वाजले म्हणून.

मी खिडकीशी गेलो. ऊन होतं. माथ्यावर कोणी नव्हतं. वसुधाला म्हटलं, वॉचमनची बायको असेल. खोटं बोलायची सवय झाली की जीभ कशी छान वळते.

बुधवार, १ जानेवारी १९५८

फळी उतरवली. धोंडूने फोडून बंबात घातली. तो म्हणाला, ह्या बरा झाला नाय, साहेब. मी म्हटलं, तूच ओरडला होतास ना रे तेव्हा? त्याने कानांवर हात ठेवले आणि मटकन खाली बसला. मला बरं वाटलं. माझ्यापेक्षा वाईट कोणीतरी आहे याचं बरं वाटलं.

आता पाळी सुटताना सगळं चुपचाप. दोन वाजले की दरवाजा उघडतो. कोण बाहेर आलं, कोण नाही, बघतो कोण?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. राख एकतीस. लिहिली सतरा.

पट्ट्यावरच्या बायकांनी तिळगूळ दिला. शेवंतीनेही. भांडली नाही, काही नाही, हातावर ठेवला आणि गोड बोला म्हणाली. चावला तर दाताखाली खडा. थुंकला. पांढरा होता.

संध्याकाळी क्वार्टरच्या दाराला किल्ली लावायला गेलो. कडीच्या खिळ्याला पितळी बिल्ला. एकोणीस. खाडीत नेऊन फेकला, बुडताना पाहिला. परत आलो तर —

आहे तिथेच आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

वाट लागली. वीजघराच्या बॉयलरमध्ये राखेचे गोळे झाले, दोन बॉयलर बंद. सोमवारी त्यांचे साहेब येणार, त्यांच्या देखत जाळायला बंकरच्या माथ्यावरचा ताजा नमुना हवा. श्यामकांतरावांचा गोडपणा संपला. अठराच्या वर राख दिसली तर ऑर्डर रद्द आणि किल्ली परत, शिवाय खोटे आकडे कोणाच्या अक्षरात आहेत ते त्यांना दाखवीन, म्हणाले.

बायकांना विचारलं, वर कोण जाईल? कोणी मान वर केली नाही. धोंडूने पाय धरले, मी वर जावचंय नाय, साहेब, नोकरी गेली तरी चलात.

वसुधाने पाळणा घेतलाय. कार्ड आलंय.

शनिवार, १८ जानेवारी

टक टक थांबत नाही. क्वार्टरमध्येही. प्रयोगशाळेत कानात कापूस घालून बसतो, मग आवाज कापसाच्या आतून येतो.

आज एक कागद लिहिला. "सुलक्षणा, बिल्ला १९, ही दिनांक १२ ऑगस्ट १९५७ रोजी कामावर आली होती. जुन्या वहीतली नोंद मी पाहिली आहे आणि मीच ती जाळली आहे." खाली सही केली. दोन ओळी. केवढं हलकं वाटलं! शेवंती समोरून गेली. हाक मारायला तोंड उघडलं आणि वसुधाचा पाळणा आठवला.

सोमवारचा नमुना एकदा पास होऊ दे. मग देतो. शप्पथ, देतो. कागद खिशात आहे.

सोमवार, २० जानेवारी

सव्वा वाजला. कोणी जात नाही म्हणून मीच जातोय. चढायला पाच मिनिटं, घमेलं भरायला पाच, उतरायला पाच. पावणेदोनच्या आत खाली. साहेब लोक ऑफिसात चहा पितायत. धोंडू जेवायला गेलाय. बिल्ला लावायला फळीच नाही, आणि साहेबाला बिल्ला असतोय कुठे!

१.३५. माथ्यावर. लख्ख ऊन. इथला कोळसा निवडलेला आहे — एक दगड नाही. तुकडे हाताने मांडल्यासारखे, ओळीत. काळे, चकचकीत. याची राख दहाही येणार नाही! पास. वसुधा, पास झालो गं!

१.४०. घमेलं भरलं. उठलो तर डावा पाय घोट्यापर्यंत आत. ओढला की उजवा जातो. हलायचं नाही. धोंडू येईल आता.

कोळसा गरम आहे.

१.४८. गुडघे. ओरडतोय. खाली पट्टा चालू आहे, कोणाला ऐकू जाणार — शेवंती दिसते, पट्ट्याशी, पाठमोरी. शेवंती! शेवंती!

वळली. वर पाहतेय. धावत घड्याळाकडे — मुकादमाकडे — हात करतेय. तिला कोण विचारतो. सर्क्युलर आहे. माझंच.

१.५५. टक. घमेल्यात. माझ्या घमेल्यात. मी टाकला नाही. टक. शेजारीच आहे. बांगड्या वाजतात. बोटं पायाशी — दगड समजून वेचते मला —

भिंतीवर फळी आहे. जाळलेली. इथून दिसते. एकही बिल्ला नाही. एकोणीसही नाही.

कोणीतरी ओरडलं. बोर्ड मोकळो. बाईचा आवाज.

वही वर फेकतो, कोठीच्या काठाला अडकली तर — कागद आत ठेवलाय, शेवंतीचा, तिला द्या. हे म्हणतील पळाला. वसुधा, मी पळालो नाही. म्हणतील आलाच नव्हता. लिहून ठेवतो. आज वीस जानेवारी, मी कामावर आलो होतो. मी आज कामावर आलो हो—